अंगावर टाकून बघा

बर्डीवर जायचे म्हणजे चालायचे, हे नागपूरच्या पोराला चालता यायच्या आधीच कळते. व्हेरायटी चौकातून मेन रोडला वळले की लोहा पुलाच्या दिशेने दोन्ही हातांना कपडे उभे असतात. काचेआड, दुकानाच्या दारात, छतापासून लोंबणाऱ्या हँगरांवर, फुटपाथवर रोवलेल्या बांबूंवर. त्यांच्या मधून माणसे वाहत असतात. कपडे निवांत, माणसे घाईत. लहानपणी मला वाटे, दारातल्या पुतळ्यांची करमणूक व्हावी म्हणूनच आपल्याला इथे चालवत आणतात. काही पुतळ्यांना डोके नसे, काहींना हात नसत. पण ज्यांना डोके होते ते सगळे आपल्या पलीकडे, समोरच्या दुकानाच्या पाटीच्या जरा वर, कुठेतरी बघत असत. आईचा क्रम ठरलेला होता. आधी डाव्या बाजूने सगळा रस्ता, मग उजव्या बाजूने परत, आणि प्रत्येक दुकानातून उतरताना ‘पुढं बघून येतो’ असे आश्वासन. दुकानदार मान हलवायचा. परदेशी निघालेल्या नातेवाइकाला निरोप देताना हलवावी तशी. हा परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते, पण तसे म्हणायची रीत नाही.

वर टेकडीवर किल्ला. 1817च्या नोव्हेंबरात, 26 आणि 27 तारखेला, आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज इथल्या दोन टेकड्यांसाठी लढले, आणि नागपूरच्या राज्याचे पुढचे सगळे त्या लढाईने ठरवले. मला त्या लढाईबद्दल नेहमी एवढेच वाटत आले आहे की ती फार लवकर आटोपली. पायथ्याशी, चादरीच्या एका जोडीवरून, मी याहून चिवट लढाया पाहिल्या आहेत. आणि त्यांत दोन्ही पक्ष शेवटी एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करून उठतात.

तर अशा या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, फॅशन शो होता. पाच डिझायनरांची पाच कलेक्शने, एकाच संध्याकाळी. माझी भाची फॅशन डिझाइन शिकते. पडद्यामागे मुलींना कपडे चढवण्या-उतरवण्याचे काम तिच्या वर्गाकडे होते आणि त्या श्रमांपोटी तिला दोन पास मिळाले होते. एक माझा, दुसऱ्यावर मावशी आली. मावशीने पंच्याहत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि बर्डी आता तिच्याच्याने चालवत नाही. मी तिला समजावून सांगितले की इथे सगळे उलटे असते, आपण बसायचे आणि कपडे चालत येतात. तिने क्षणभर विचार केला. “मंग तं बरं आहे,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांनी का होईना, बर्डीले अक्कल आली.”

एरवी त्या हॉलमध्ये साखरपुडे आणि विमा एजंटांचे सत्कार होतात. त्या दिवशी मधोमध गुडघाभर उंचीचा लाकडी रस्ता केला होता आणि त्यावर पांढरे फ्लेक्स ताणून बसवले होते. दोन्ही बाजूंना खुर्च्या. खुर्च्यांनीही कपडे घातले होते, पांढरे सॅटिन आणि पाठीवर भलामोठा निळा बो. लग्नाला सगळ्यात आधी पोचलेल्या आणि सगळ्यात जास्त नटलेल्या आत्यांसारख्या त्या ओळीने बसल्या होत्या. पॅरिसमध्ये पहिल्या रांगेत कोण बसले याची दुसऱ्या दिवशी बातमी होते. इथे पहिल्या रांगेत प्रायोजक होते, प्रायोजकांची मुले होती आणि मुलांच्या हातांत वेफर्सची पाकिटे होती. आम्हाला तिसरी रांग मिळाली, खांबाशेजारची. खांबामुळे रस्त्याचा थोडा भाग दिसत नव्हता, पण त्या बदल्यात पडद्याच्या फटीतून आतली बाजू दिसत होती. सौदा वाईट नव्हता.

दिवे मालवले. संगीत सुरू झाले, ते कानांनी नव्हे, बरगड्यांनी ऐकायचे होते. पडद्याआडून एक उंच मुलगी निघाली. अंगावर न रंगवलेल्या सुताचा पायघोळ झगा. एका पावलाच्या नेमके पुढे दुसरे पाऊल, चेहरा असा की शेजारून उसनी आणलेली वस्तू आज कायमची परत करून टाकायची आहे. रस्त्याच्या टोकाला येऊन ती थांबली, कमरेवर हात ठेवला, आमच्या डोक्यांवरून पलीकडे, दारावरच्या लाल दिव्याकडे एकवार बघितले, आणि आली तशीच ठाम पावलांनी परत गेली. मग दुसरी. मग तिसरी. मावशीने तिसरीपर्यंत वाट पाहिली.

“कोठी चालल्या ह्या?”

“कुठेच नाही. जातात आणि परत येतात.”

“मंग जातात कायले?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. इतक्या निश्चयाने कुठेही न जाणारी माणसे मी फक्त अंबाझरी तलावाच्या काठी सकाळी पाहिली आहेत, आणि त्यांना डॉक्टरांनी सांगितलेले असते. त्यांचेही चेहरे असेच असतात. “अन् रागावल्या कोणावर?” मावशीने विचारले. याचे उत्तर मात्र भाचीने आधी देऊन ठेवले होते. मॉडेल हसली की लोक मॉडेलकडे बघतात, कपडा मागे पडतो. म्हणून हसायचे नाही. मी ते मावशीच्या कानात सांगितले. “मी तं तिलेच पाहून राहिली,” मावशी म्हणाली. “किती वाळली पोट्टी.”

निवेदिका प्रत्येक कलेक्शनच्या आधी एक उतारा वाचत होती. प्रत्येक कलेक्शनला एक नाव होते आणि नावाला एक तत्त्वज्ञान. पहिले मातीविषयी होते. दुसरे स्त्रीच्या अंतर्मनातल्या आकाशाविषयी होते आणि त्यात बरीचशी जीन्स होती. दोन्हींच्या मध्ये तिने आनंदाने जाहीर केले की नागपूर आता फॅशनच्या नकाशावर येत आहे. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण बिचारे नागपूर नकाशावरून गेलेच कधी होते? जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीला तिचे नाव. पुढे शंभराहून जास्त वर्षे या गावाची घड्याळे गिरणीच्या भोंग्यावर लागली. आता त्या जागेवर मॉल आहे. जिथे कापड निघत होते तिथे काचेआड पुतळे उभे आहेत, आणि कुठूनतरी शिवून आलेले कपडे घालून तेही समोरच्या पाटीच्या जरा वर बघतात.

ते न हसणे मात्र माझ्या मनातून जाईना. तो चेहरा ओळखीचा होता. कोरा, हलकेच उचललेल्या हनुवटीचा, आपल्या अंगावर काय आहे याच्याशी आपला काही संबंध नसल्याचा. पुतळ्यांचा म्हणावा, तर पुतळ्यांना श्वास नसतो. दुसऱ्या कलेक्शनची शेवटची जीन्स वळून आत गेली आणि मला एकदम आठवले. भाऊ!

साड्यांच्या दुकानांतली गादी आता कमी झाली. पांढरीशुभ्र, भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेली. चपला खाली काढून तिच्यावर चढायचे. बायका लोडांना टेकून ऐसपैस बसत, आम्हा पोरांना कोपऱ्यात टाकत. समोर भाऊ. त्याच्या मागे छतापर्यंत खण आणि खणांत घड्या. वरच्या फळीवर चढलेला पोरगा साड्या खाली फेकायचा, भाऊ न बघता झेलायचा आणि बसल्या जागेवरून मनगटाच्या एका झटक्यात अशी उलगडायचा की पदर सरसरत येऊन बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी थांबे. अर्ध्या तासात गादीवर रंगांचा पूर आलेला असे, आणि त्या पुरात मान वर काढून आई म्हणे, “नेसल्यावर कशी दिसते कोण जाणे.” मग भाऊ उठे.

भाऊ म्हणजे चाळिशीचा, थोडे पोट सुटलेला, भरघोस मिशीचा माणूस. पांढरा सदरा, खिशात दोन पेन, कानावर पेन्सिल. तो साडीचे टोक पँटच्या पट्ट्यात खोची, डाव्या हाताच्या बोटांवर भराभर पाच-सहा निऱ्या घाली, पदर छातीवरून घेऊन खांद्यामागे सोडी, मान जराशी वर करी आणि थांबे. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काही म्हणता काही नसे. लाज नसे, थट्टा नसे, विकायची घाईही नसे. नजर आमच्या डोक्यांवरून रस्त्यापलीकडे गेलेली. गादीवर सात-आठ बायका, त्यांत एखादी लग्न ठरलेली मुलगी, आणि सगळ्या त्या मिशीवाल्या पुरुषाकडे डोळे बारीक करून बघताहेत. पण कुणी हसत नसे. कुणाला मिशी दिसतच नसे. “रंग खुलून दिसतो हो अंगावर,” मावशी म्हणे. कुणाच्या अंगावर, ते विचारायची गरज कुणाला वाटली नाही. रॅम्पवर ज्यासाठी तालमी घेतात ते त्या माणसाला रोज सकाळी दहापासून साधत होते. तो त्या साडीत होता आणि नव्हता.

एवढे करून बायका काय म्हणत? “बरी आहे. त्याच्या खालची काढा ना, भाऊ.” भाऊ पदर खांद्यावरून उतरवी आणि खालची काढी. चांगली साडी गठ्ठ्यात नेहमी जिच्यावर आपला हात आहे तिच्या एक खाली असते, हा सिद्धान्त आमच्या घरात कधी कुणी तपासून पाहिला नाही. गठ्ठा तळाला जाई, खालची उरत नसे, तेव्हा पहिल्या साडीची नव्याने आठवण होई. तोवर ती घडी करून वर गेलेली.

घड्या घालण्याचे काम मी फार जवळून पाहिले आहे, कारण कोपऱ्यात बसलेल्या पोराला दुसरे काही करण्यासारखे नसे. भाऊ आणि पोरगा समोरासमोर उभे राहत, एकाच्या हातात पदराची दोन टोके, दुसऱ्याच्या हातात दुसऱ्या बाजूची. काठाला काठ जुळवून दोघे साडी ताणत. ती मध्ये एकदा फडफडे आणि सपाट होई. मग पोरगा चालत भाऊपर्यंत येई, आपली टोके त्याच्या हाती सोपवी, वाकून खाली लोंबलेली घडी उचली आणि उलट्या पावलांनी परत आपल्या जागी जाई. पुन्हा येई, टोके देई, पुन्हा मागे. दर खेपेला अंतर निम्मे. शेवटी दोघे हातभर अंतरावर आलेले असत, आणि भाऊ तळहाताची एक थाप मारून साडीला गप्प करी. काही न घेता आम्ही खाली चपला शोधत असायचो तेव्हा वर हे चाललेले असे. दोघे बोलत नसत. आज कळते की तो पोरगा दिवसभर तेवढ्याच जागेत मैलोन्‌मैल चालत होता.

गंमत अशी की रॅम्पचाही उगम अशाच एका गादीवर आहे. ती गादी पॅरिसमध्ये होती, एवढाच फरक. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा 1825 साली इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्यात जन्मला, लंडनच्या कापडदुकानांत त्याने उमेदवारी केली आणि विशीत पॅरिस गाठून तिथल्या गाजलँ नावाच्या पेढीत विक्रेता म्हणून लागला. म्हणजे आपला भाऊच. तिथे मारी व्हर्ने नावाची मुलगी गिऱ्हाइकांना शाली अंगावर घेऊन दाखवण्याच्या कामावर होती. शाल उठून दिसावी म्हणून वर्थने तिला आतून घालायला साधेसे झगे शिवून दिले, आणि बायका शाल बाजूला सारून झग्याची चौकशी करू लागल्या. यापुढचे सगळे कापडधंद्यातल्या माणसाला समजेल असेच घडले. दोघांचे लग्न झाले, आणि 1858मध्ये वर्थने एका स्वीडिश भागीदाराबरोबर स्वतःची पेढी काढली. कपडा आधी शिवायचा, जिवंत बाईच्या अंगावर चढवायचा आणि तिला गिऱ्हाइकापुढे चालवायचे, ही रीत तिथून रुजली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ल्युसिलने, म्हणजे लेडी डफ गॉर्डनने, त्या चालण्याला मंच दिला, पडदा दिला, संगीत दिले, आमंत्रणपत्रिका दिल्या. कपड्यांना कवितेसारखी नावे ठेवायचे खूळही तिचेच. ही बाई 1912मध्ये टायटॅनिकवर होती आणि वाचली. म्हणून अंतर्मनातल्या आकाशाबद्दल आमच्या निवेदिकेला दोष देण्यात अर्थ नाही, ते फार दुरून आणि फार मोठ्या संकटातून इथवर आले आहे.

तिसरे कलेक्शन नवरीच्या घागऱ्यांचे होते, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा कंटाळा आला. जिथे म्हणून जागा होती तिथे टिकली होती. घागरे इतके जड की मुली पाण्यातून चालल्यासारख्या चालत होत्या. मी फटीकडे वळलो. आत एक शिंपी-मास्टर होता. गळ्यात टेप, सदऱ्याच्या कॉलरला ओळीने सुया, दातांत दोरा. समोरून राणीसारखी दिसणारी मुलगी त्याच्याकडे पाठ करून उभी राही, आणि त्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत सेफ्टी पिनांची आगगाडी असे. खाली बसून माझी भाची तिच्या पायांतले सँडल ओढून काढी, पुढचे चढवी. सँडल मापाचे नव्हते. टोकाशी कागदाचे बोळे कोंबलेले, आणि तळव्यांना चिकटपट्टी, म्हणजे पाय घसरू नये आणि सँडल दुकानात परत करता यावेत. मास्टर एकदाही पुढून काही बघत नव्हता. मुलगी निघाली की तो वाकून फक्त घेराची खालची दुमड बघे, ती जमिनीला कुठे लागते आणि कुठे उचलते एवढेच. त्याच्या दृष्टीने त्या हॉलमध्ये माणसे नव्हती, शे-दीडशे वार कड होती.

आणि तिथेच ते झाले. शेवटून दुसरी मुलगी टोकाला वळताना तिची टाच फ्लेक्सच्या जोडात अडकली. ती एकदम एका बाजूला कलली, दोन्ही हात पसरले, घागरा हेलकावला, पहिल्या रांगेतल्या पोराच्या मांडीवरचे वेफर्स सांडले. मग ती सावरली. आणि सावरल्यावर, कुणी शिकवले नव्हते तरी, खाली वेफर्सकडे बघून जीभ चावून हसली. अगदी घरातल्यासारखी. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. तेवढ्यात तिला आठवले, चेहरा पुन्हा कुलूपबंद झाला, ती निघून गेली.

“हिरवा होता नाई का?” मावशी म्हणाली.

“काय?”

“घागरा. आता दिसला.”

चौथे कलेक्शन कोशाचे होते. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावच्या मागांवरचा कोसा, करवती काठाचा. पहिली मुलगी बाहेर आली आणि मावशी खुर्चीत पुढे सरकून ताठ बसली. मधाच्या रंगाची साडी, तिच्या अंगात तो कच्चा, ओबडधोबड उजेड, जो गिरणीच्या रेशमात कधी येत नाही. आणि कडेने करवतीचे दाते. हे दाते छापलेले नसतात, विणतानाच काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून काढलेले असतात. म्हणून मागावर एक नव्हे, तीन धोटे लागतात. दोन काठांना दोन, मधल्या अंगाला एक. कोसा जंगलातला, ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे वाढवतात, ते काम ढिवरांचे, विणायचे कोष्ट्यांनी. लहानपणी मी कोष्टीपुऱ्यातल्या एका घरात माग चालताना बघितला आहे. धोटा सूं करून एका टोकाला जातो, तिथे थांबतोसा वाटतो, आणि परत येतो. जातो, परत येतो. त्याच्याकडेच बघत राहिले तर वाटावे, याला कुठेच जायचे नाही. मध्ये कापड वाढलेले दिसते ते नजर काढून घेतल्यावर. मावशीला तिच्या प्रश्नाचे हे उत्तर द्यावे असे माझ्या मनात आले होते, पण ती बघण्यात गुंतली होती आणि मला ते उत्तर जरा जास्तच सुबक वाटले.

“अशीच होती माझी,” ती म्हणाली. “पहिल्यांदा आजेसासूले दिली होती नेसाले. घडी मोडाले.”

नवी साडी आपण आधी नेसायची नाही, घरातल्या मोठ्या बाईला नाहीतर लाडक्या नणंदेला घडी मोडायला द्यायची, ही रीत मावशीने आयुष्यभर पाळली. ज्या बाईने घडी मोडली तिचा त्या साडीवर पुढे कायमचा थोडा हक्क राहतो. कधीही येऊन ती म्हणू शकते, “ही मी आधी नेसली होती बरं का.” आता समोर चालणाऱ्या मुलींकडे बघताना मावशीच्या डोक्यात काहीतरी चालले होते.

“मंग घडी तं या पोट्टीनं मोडली.”

“हो.”

“साडी तिले देतात का?”

“नाही. पिशवीत घालून परत नेतात.”

“तिले काय देतात?”

“पैसे देतात ना.”

“पैशे तं देतातच,” मावशी म्हणाली. “एखांदं ब्लाउजपीस?”

मूळच्या विदिशाच्या डिझायनर वैशाली शडांगुळे 2021च्या जुलैत पॅरिसच्या कुत्युर वीकमध्ये हातमागाचे कापड घेऊन गेल्या. ज्या शहरात वर्थने मारीच्या अंगावर झगा चढवला, तिथे. ती बातमी वाचली तेव्हा मला अभिमान वाटला होता, तो वाटायला हवाच. पण त्या झगमगाटातही चालून आलेल्या मुलींची ओटी कुणी भरली नसणार, हा मुद्दा मावशीशिवाय कुणाला सुचला नसता.

पाचवे कलेक्शन पुरुषांचे होते. त्यात शेरवान्या होत्या, दाढ्या होत्या आणि एक नगरसेवकासारखा दिसणारा शोस्टॉपर होता. मग पाचही डिझायनर बाहेर आले. इतके रंग, इतकी कलाकुसर ज्यांच्या डोक्यातून निघाली, ते सगळे एकजात काळ्या टी-शर्टात. कोशाचे कलेक्शन केलेली मुलगी पंचविशीची असेल. ती मॉडेलांच्या मधोमध उभी होती, त्यांच्या खांद्याला जेमतेम लागणारी, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. तिने नमस्कार केला, मग हात हलवला, मग पुन्हा नमस्कार केला आणि सगळ्यांच्या आधी आत पळाली.

बाहेरच्या व्हरांड्यात कपडे विकायला मांडले होते. मॉडेल मुली आपल्या जीन्समध्ये भिंतीला टेकून समोसे खात होत्या, अनवाणी, आणि भरपूर हसत होत्या. मावशीने त्यांतल्या एकीला थांबवून तिची कंबर दोन हातांत मोजली आणि आणखी एक समोसा घ्यायला लावला. मग ती कोशाच्या टेबलाशी आली. मी आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, पाय पुढे केले आणि गठ्ठ्याकडे बोट दाखवले. “ती दाखव बाई, मधाच्या रंगाची.” काळ्या टी-शर्टातल्या मुलीने साडी उलगडली. मावशीने काठ बोटांत धरला, उलटा करून पाहिला, दात मोजल्यासारखा अंगठा फिरवला, उजेडाकडे धरला. आंधळगावची का, विचारले. हो म्हटल्यावर कोणाच्या मागावरची, विचारले. मुलीने सांगितले. मावशीने मान डोलावली, जणू ती त्या घरी जेवून आली होती. किंमत ऐकून तिने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीकडे पाहिले.

“फॉल-पिको धरून?”

“नाही आजी. पण मी करून देईन.”

“नेसल्यावर कशी दिसते कोण जाणे.”

मुलीने आजूबाजूला पाहिले. मॉडेल समोशांत होत्या. मग तिने साडीचे टोक जीन्सच्या पट्ट्यात खोचले, बोटांवर पाच-सहा निऱ्या घातल्या, पदर काळ्या टी-शर्टावरून खांद्यामागे टाकला. हनुवटी जराशी वर केली आणि आमच्या डोक्यांवरून कुठेतरी बघत उभी राहिली.

“चालून दाखव थोडं.”

ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. तिथे पाण्याचे जार ठेवले होते, त्यांच्यापाशी थांबली, वळली, परत आली. मावशी डोळे बारीक करून बघत होती. “छान आहे,” ती म्हणाली आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली. “आता त्याच्या खालची काढ.”